नग एक, ठासणीची बंदूक

बाबा गेले तो मंगळवार होता. सकाळी दहाच्या सुमारास ते गेले. मी शाळेत होते. शिपायाने ग्रंथालयात येऊन सांगितलं, "मॅडम, घरून फोन आहे." मी हातातला शिक्का पॅडवर ठेवला आणि घरी आले.

पुढे जे करायचं असतं ते सगळं झालं. माणसं आली आणि गेली. तेराव्याला बदलापूरचा मामा हात धुऊन आला, रुमालाला हात पुसत भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, हिचं काय करणार?"

टीव्हीच्या वर, दोन खुंट्यांवर बाबांची बंदूक आडवी ठेवलेली होती. तेरा दिवस घरात इतकी माणसं बसून गेली, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. आमचंही नाही.

"काय करणार म्हणजे? आहे तिथे राहील," आई म्हणाली.

"तसं नसतं. परवाना दाजींच्या नावावर. माणूस गेला की ठाण्यात कळवावं लागतं."

"कळवू की. पण ती खुंटी रिकामी नाय राहायची." आईने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मामाने पुढे विषय वाढवला नाही.

ती ठासणीची बंदूक. काडतूस घालायची नव्हे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा घालायचा, गजाने ठासायचा, आणि मागे घोड्याखाली ठिणगी पाडणारी पितळेची टोपी बसवून चाप ओढायचा. आजोबांकडून ती बाबांकडे आली. पालेगावला आमचं भाताचं आणि काकडीचं शेत होतं आणि डोंगरातून रानडुकरं उतरायची, म्हणून पिकाच्या राखणीसाठी परवाना होता. त्या शेतावर आता सात मजली इमारत आहे. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहतो. बाबा कधी पाहुण्यांना खिडकीतून पार्किंग दाखवायचे आणि म्हणायचे, "तिथे आपला माळा होता." माळा म्हणजे राखणीला बसायची मचाण. पाहुणे पार्किंगकडे बघून मान हलवायचे.

आसपासच्या चार-पाच शेतांत बंदूक एकट्या बाबांकडे होती, आणि त्यांचा नेम हा सगळ्यांच्या करमणुकीचा विषय होता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही डुक्कर पडलं नाही. मामा म्हणायचा, "दाजी, तुम्ही आधी डुकराला सांगून येता का, की बाजूला हो, बार काढतोय?" बाबा हसायचे आणि ठरलेलं उत्तर द्यायचे, "अरे, माशी पडलीये तिची. माशीशिवाय नेम कसा लागणार?" माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लहानसा दाणा, ज्याच्यावरून नेम धरतात. मग मामा म्हणायचा, "मग बसवून घ्या की." बाबा म्हणायचे, "बसवू." ती त्यांनी कधी बसवली नाही.

पण सगळ्यात जास्त आई बोलायची. शेजारच्या बायका हसायच्या आधी ती हसून घ्यायची. "आमच्या शिवारातलं डुक्कर म्हातारं होऊन मरेल, पण यांच्या गोळीने नाय," हे तिचं वाक्य मी लहानपणापासून किती वेळा ऐकलं असेल. बाबा त्यावर काही बोलायचे नाहीत. मी तेव्हा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असे. मला त्यांची थोडी लाज वाटायची. ते इथे लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते आहे.

तेरावं झाल्यावर मी बाबांचं कपाट उघडलं. परवान्याचं पुस्तक एका प्लास्टिकच्या पिशवीत होतं, आणि त्याच पिशवीत पावत्यांचा एक गठ्ठा होता. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागत. बाबा बंदूक घोंगडीत गुंडाळून घेऊन जायचे, पावती आणायचे आणि निकाल लागल्यावर तशीच परत आणायचे. प्रत्येक पावतीवर बंदुकीची स्थिती लिहिलेली होती. तसं लिहायला बाबाच लावत असणार. दिलेली वस्तू आहे तशीच परत मिळाली पाहिजे, असा त्यांचा स्वभाव होता.

मी पावत्या क्रमाने लावल्या. माझं कामच ते. पुस्तक कधी आलं, कधी फाटलं, कधी बांधणीला गेलं हे मी रोज लिहिते. पहिल्या पावतीवर होतं: "नग एक, ठासणीची बंदूक, एक नळी. स्थिती बरी." आणि पूर्ण नंबर. पुढच्या एका पावतीवर: "दस्त्यास तडा, तांब्याची तार गुंडाळलेली." दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. मग: "माशी नाही." मग: "नंबराचे शेवटचे दोन आकडे अस्पष्ट." त्याच्या पुढच्या पावतीवर नंबराचे चारच आकडे होते. शेवटच्या पावतीवर: "नंबर दिसून येत नाही. परवानाधारक ओळखीचे."

नंबर कशाने गेला ते मला लगेच कळलं. दर वर्षी खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजायची पद्धत. विळे, कोयते, कुदळ आणि बंदूक. आदल्या दिवशी आई देवाची पितळी भांडी चिंचेने घासायला बसायची आणि त्यातच बंदूक घ्यायची. बंदुकीची पितळी पट्टी लखलखली की तिला समाधान व्हायचं नाही. मग ती नळीला लागायची. तिच्या लेखी काळं दिसलं की तो मळच. चिंच, बारीक राख आणि नारळाची शेंडी. नळी जुन्या चमच्यासारखी पांढुरकी होईपर्यंत ती घासायची, मग पाणी शिंपडून हळदीकुंकू लावायची. तीस-पस्तीस खंडेनवम्यांत तिने एकेक आकडा पुसून काढला होता.

मी पावत्या पुन्हा पिशवीत घातल्या आणि पिशवी माझ्या शाळेच्या बॅगेत ठेवली. आईला सांगितलं नाही.

ठाण्यात जे हवालदार होते ते बाबांना ओळखायचे. त्यांनी चहा मागवला. परवान्याचं पुस्तक बघितलं, बंदूक बघितली, नळीवरून अंगठा फिरवला, चष्मा काढून पुन्हा बघितली.

"मॅडम, नंबर कुठाय?"

"शेवटच्या पावतीवर तुम्हीच लिहिलंय ना, दिसत नाही पण माणूस ओळखीचा."

"हो. पण आता ओळखीचा माणूसच नाही ना."

त्यांनी ते वाईट म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. नंबर जुळला तर बंदूक बाबांची. मग माझ्या नावाने परवान्याचा अर्ज करता येईल, किंवा बाबांच्या नावाने ती कायमची जमा करता येईल. नंबर नाही जुळला, तर कागदोपत्री ही बंदूक ती बंदूकच नाही. "मग बेवारस म्हणून जाईल. वितळवतात."

घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की नंबर वाचता येत नाही. गंज चढला असेल, म्हणाले.

"बेवारस?" ती म्हणाली. बाकीचं तिने बहुतेक ऐकलंच नाही. "माझ्या घरातली वस्तू बेवारस?"

उल्हासनगरला परवाना असलेले एक जुने मिस्त्री होते. त्यांच्याकडून बंदुकीचं वर्णन लिहून आणायचं, सुटे भाग कोणते, नुकसान काय, नंबर कुठे सापडतो का, आणि सही-शिक्का घ्यायचा. हवालदारांनी तशी चिठ्ठी दिली. मी एकटीच जाणार होते. आई पातळ बदलून दारात उभी राहिली.

"तू कशाला? लांब आहे."

"इतकी वर्षं मी पुसलीये ती. तुला काय ठाऊक तिच्यातलं?"

आम्ही रिक्षाने गेलो. बंदूक घोंगडीत गुंडाळून दोघींच्या मांडीवर आडवी. सिग्नलला बाजूच्या स्कूटरवाल्याने विचारलं, "काय, गालिचा का?" आई म्हणाली, "हो."

दुकान एका अरुंद गल्लीत होतं. दोन्ही बाजूंना जीन्स शिवायचे कारखाने, त्यांच्या मशिनींचा आवाज भिंतीतून येत होता. मिस्त्री सत्तरीच्या पुढचे, सिंधी, डोळ्याला जाड भिंगं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायचे. माझ्या हातातली चिठ्ठी वाचून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि घोंगडी उलगडली.

"बेटा, अक्षर कसं आहे तुझं?"

"बरं आहे."

"मग तूच लिही. माझा हात कापतो. मी बोलतो, तू लिही, सही माझी."

मी वही काढली. पण त्यांनी लिहायला काही सांगितलं नाही. आधी त्यांनी आम्हा दोघींना बाजूला केलं, नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं, आणि नळीखालचा गज ओढून काढून तो नळीत सोडला. गज खाली टेकल्याचा आवाज आला. बद्द असा. त्यांनी नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा धरला, गज बाहेर काढला आणि बाहेरून नळीला लावून बघितला. गजाचं टोक मागे टोपी बसते त्या बोंडापर्यंत पोचत नव्हतं. चार बोटं कमी पडत होतं.

"भरलेली आहे," ते म्हणाले.

"नाय," आई म्हणाली. "टोपी नाय वर."

"भाभी, टोपी नाही म्हणून उडाली नाही. भरलेली तर आहे. आत चार बोटं माल आहे."

आई स्टुलावर बसली. म्हणाली, "म्हणजे मी भरलेली बंदूक मांडीवर घेऊन घासत होते?"

"कशाने घासायच्या?"

मी लिहीत असल्यासारखं केलं.

"चिंचेने," आई म्हणाली.

मिस्त्रींनी नळीवरून हात फिरवला, जिथे नंबर असायला हवा होता तिथे थांबले. माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं आणि मला आधीच माहीत होतं हेही त्यांना कळलं असावं.  त्यांनी किटलीतलं गरम पाणी नळीच्या तोंडातून हळूहळू आत ओतलं आणि बंदूक उभी करून ठेवली. "दारू भिजू दे. अर्धा तास. तोपर्यंत बाकीचं बघू."

मग त्यांनी मागून पुढे एकेक भाग सांगायला सुरुवात केली. ते सांगत ते मी लिहीत गेले, आणि मध्ये आई बोलत राहिली.

दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी, वरची अक्षरं झिजलेली. दस्ता सागाचा नव्हे, अक्रोडाचा. म्हणजे बंदूक गावठी नाही, कारखान्यातली. मुठीपाशी तडा, तांब्याची तार.

"हा तडा पिळून पडलाय," मिस्त्री म्हणाले. "बंदूक खाली आणि माणूस वर, असं."

"बांधावरून घसरले होते," आई म्हणाली. "चिखलात. घरी आले तर अंगाला हा चिखल, आणि बंदूक मात्र छातीशी धरलेली, तान्ह्या पोरासारखी. ती तार पंप जळला त्यातली."

घोडा ठीक. चाप ठीक, आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, जरा सैल. टोपी बसते ते बोंड चेपलेलं.

"रिकामा घोडा सोडून सोडून चेपलंय हे. कोणी तरी खेळत होतं."

"मी," मी म्हणाले. सातवी-आठवीत असताना बाबा शेतावर आणि आई पाणी भरायला गेली की मी स्टुलावर चढून घोडा मागे ओढायची आणि सोडायची. घोडा नुसता पडल्याचा तो आवाज मला आवडायचा. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"तरी म्हटलं, दुपारी टकटक कसली यायची," आई म्हणाली. "मला वाटायचं, सुतारपक्षी."

मिस्त्री हसले. मग नळीच्या पुढच्या टोकाशी आल्यावर त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि भिंग लावून बघितलं.

"माशी नाही."

"पडली ती," आई म्हणाली. "फार वर्षं झाली."

"पडली नाही भाभी. ही खाच बघा. माशी या खाचेत बाजूने सरकवून ठोकतात. आपोआप पडायची असती तर खाच ढिली झाली असती, कडा मोडल्या असत्या. इथे कडा साबूत आहेत. आणि हा इथे, सुंब्याचा बारीक खड्डा. कोणी तरी बोथट खिळ्यासारखा सुंबा लावून, हातोडीने, बाजूने ठोकून काढलीये. नीट काढलीये. सावकाश."

मी लिहायचं थांबले. "काय लिहू?"

"लिही, माशी काढलेली."

 शेजारच्या मशिनी मध्येच थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

अर्धा तास झाल्यावर मिस्त्रींनी गजाच्या टोकाला एक पेच लावला, तो नळीत सोडून फिरवला आणि ओढला. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा काळा लगदा आला. कागदाचा बोळा. त्याच्यामागून दारूचा काळा चिखल. त्यांनी नळी परातीत उपडी केली, ठोकली, पुन्हा पेच घातला, पुन्हा ठोकली. मग बोटाने तो चिखल चाचपून पाहिला.

"छर्रे नाहीत," ते म्हणाले. "गोळी पण नाही. नुसता आवाजाचा बार आहे."

त्यांनी बोळा माझ्यापुढे ठेवला. मी तो कागदावर ठेवून उलगडला. जाड कागद होता, म्हणून पूर्ण विरघळला नव्हता. आतल्या घडीत एक कोपरा पिवळा राहिला होता, आणि त्यावर जांभळ्या शाईचे तीन शिक्के एकाखाली एक.

ती आमच्या ग्रंथालयातली चिठ्ठी होती. पुस्तकाच्या मागच्या पानाला चिकटवतात ती, परत करायच्या तारखांची. पुस्तक बाद झालं की ते कागद रद्दीत जात. एकदा बाबांनी विचारलं होतं, "तुझ्या शाळेत जाड कागद टाकून देतात का गं? आण थोडे." मी वर्षभर पुरतील एवढ्या चिठ्ठ्या आणून दिल्या, आणि संपल्या की पुन्हा आणल्या. कशाला, असं मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, चुलीला असेल, नाहीतर पेंड उधार दिल्याघेतल्याचं टिपायला. शिक्के मी मारलेले होते. शेवटचा जरा वाकडा होता. माझा नेहमी वाकडाच पडतो.

मिस्त्री मला समजावत होते. कागद घट्ट ठासला की आवाज मोठा येतो. छऱ्यांसाठी काथ्या वापरतात, मध्ये एक थर, वर एक थर. इथे काथ्याचा धागाही नाही.

"हा एकच बार तसा असेल," आई म्हणाली. "शेवटचा. शेत गेल्यावर घातला असेल, उगाच."

मिस्त्रींनी नळीत पांढरं फडकं तीन-चार वेळा फिरवून काढलं. काळं, मग तपकिरी, मग जरा कमी तपकिरी. मग त्यांनी नळीच्या तोंडाशी बारीक दिवा तिरपा धरला, बाजूने आत डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. "भाभी, तुम्ही बघा."

आईने बघितलं. "काय बघू? रेघा आहेत. गोल गोल जाणाऱ्या."

"ते आटे आहेत. ही नुसती बंदूक नाही, रायफल आहे. गोळी फिरत जावी म्हणून आत आटे पाडतात. हिच्यातून कोणी छर्रे मारत राहिलं असतं, तर हे आटे घासून गुळगुळीत झाले असते. गोळ्या मारल्या असत्या तर खाचांत शिसं बसलं असतं. एक-दोन उडवल्या असतील कधी, ते मी सांगू शकत नाही. तुमच्या सासऱ्यांनी मारल्या असतील. पण ज्याने ही इतकी वर्षं वापरली, त्याने रोज गरम पाण्याने धुतली आणि फक्त आवाज काढला."

आईने पुन्हा नळीला डोळा लावला. आता ती काय बघत होती मला कळत नव्हतं. दिवा मिस्त्रींच्या हातात होता आणि ते तो हलू न देता धरून उभे होते.

"डुकरं पळायची," ती शेवटी म्हणाली. नळीतच बोलल्यासारखा आवाज आला. "बार झाला की पळायची. पीक राहायचं आमचं. ते खरं."

मग ती सरळ बसली. "माशी पडली म्हणायचे ते."

"हो," मी म्हणाले.

"आणि मी काय काय बोलले त्यांना. चारचौघांत. तीस वर्षं. एकदा तरी सांगायचं माणसाने. घरात तरी सांगायचं." तिचा चेहरा रडवेला नव्हता, रागावलेला होता. बाबा गेल्यापासून तिला रागावलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. "मी कोणाला सांगितलं असतं का?"

ती सांगितल्याशिवाय राहिली नसती, हे आम्हा दोघींना माहीत होतं. ज्याच्याकडे चार शेतांची राखण आहे तो नुसते कागद उडवतो, हे कळलं असतं तर शेजारच्यांनी परवाना दुसऱ्याच्या नावावर करून घेतला असता. तो दुसरा छर्रे भरून बसला असता. बाबांनी डुकरं का मारली नाहीत, हे मला ठाऊक नाही. मी इथे दोन-तीन कारणं लिहिली होती, ती खोडली. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्याजवळ आहे ते एवढंच: एक मोकळी खाच आणि एक कागद.

"आता नंबर," मिस्त्री म्हणाले.

"तो मीच पुसला ना?" आई म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. "गंजबिंज काही नाय. हिला ठाऊक होतं, म्हणून मला आणत नव्हती."

"वरचा पुसला," मिस्त्री म्हणाले. "खालचा बघू या."

त्यांनी दस्त्यातून आडवी गेलेली एक चपटी पाचर ठोकून काढली. मागचा एक स्क्रू सैल केला. मग नळी लाकडापासून उचलली. माझ्या आठवणीत ती दोन कधी वेगळी झाली नव्हती. लाकडाच्या पन्हळीत पिवळी आणि तांबडी भुकटी साचून घट्ट झाली होती. दर खंडेनवमीची हळद आणि कुंकू, शिंपडलेल्या पाण्याबरोबर आत उतरलेलं. नळीच्या खालच्या बाजूला तेवढ्या पट्ट्यात गंजाचे खड्डे पडले होते.

"हे पण नुकसानात लिही," मिस्त्री म्हणाले. "पूजेचं पाणी."

मागच्या टोकाजवळ मात्र नळी निळसर काळी होती, नवी असताना असावी तशी. तिथे चिंच कधी पोचली नव्हती. मिस्त्रींनी तेलाचं बोट फिरवलं आणि आकडे वर आले. बारीक, पण सगळे.

आईला अक्षरं सावकाश वाचता येतात, आकडे चांगले वाचता येतात. "मी वाचते," ती म्हणाली. तिने एकेक आकडा वाचला, मी परवान्याच्या पुस्तकात बोट सरकवत गेले. शेवटचा आकडा जुळल्यावर मी "हो" म्हणाले आणि तिने पदराने नळी पुसायला घेतली. मग थांबली आणि हात मागे घेतला.

मिस्त्रींनी बंदूक पुन्हा जोडली. माझी यादी वाचून घेतली, सही केली, शिक्का मारला. आई म्हणाली, "ते नाय लिहिलं. शिसं नाय ते."

"भाभी, ते नुकसान थोडंच आहे? ठाण्याला त्याची गरज नाही."

"लिहा. सरकारी कागदावर असू दे."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी मला खूण केली आणि मी सहीच्या वर उरलेल्या जागेत लिहिलं: "नळी आतून: आटे साबूत. शिशाचा मागमूस नाही." त्यांनी त्याच्या बाजूला पुन्हा सही केली.

ठाण्यात हवालदारांनी नंबर ताडून पाहिला. "चला, सुटला प्रश्न. आता सांगा, मॅडमच्या नावाने अर्ज करायचा, की कायमची जमा?"

मी अर्जाचा कागद सोबत आणला होता, अर्धा भरलेला. आईला ती खुंटीवर हवी होती आणि आता ती मिळू शकत होती.

"जमा करा," आई म्हणाली. "त्यांच्या नावाने."

मी तिच्याकडे बघितलं.

"उद्या मी नसेन, परवा तू नसशील," ती म्हणाली. "मग कोणाच्या तरी हातात जाईल. ते भरायचे तशी भरणारा आता कोण आहे?"

हवालदारांना यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी पावती फाडली. "नग एक, ठासणीची बंदूक. स्थिती: सोबतच्या वर्णनाप्रमाणे." जमा करणाऱ्याच्या जागी त्यांनी सवयीने बाबांचं नाव लिहिलं, मग ते खोडायला लागले. आई म्हणाली, "राहू दे." पण ते चालत नाही, म्हणून त्यांनी खाली "यांचे वतीने" असं लिहून माझी सही घेतली.

मामा पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याने रिकामी भिंत बघितली. आईने त्याला कागदाची झेरॉक्स वाचायला दिली. त्याने शेवटची ओळ दोनदा वाचली, तोवर चहा थंड झाला. जाताना चपला घालताना म्हणाला, "मला तरी सांगायचं दाजींनी." आई म्हणाली, "तुला? तू तर बदलापूर स्टेशनवर ओरडून सांगितलं असतंस."

बंदूक ठाण्यात आहे. तिचं पुढे काय होईल ते कळवतील. घरात दोन खुंट्या आहेत, त्यांवर आईने घोंगडी घडी करून टाकली आहे. परवान्याच्या पिशवीत पावत्या आहेत, आता एक जास्त. बोळ्याचा कागद मी वाळवून दोन टिपकागदांत ठेवला आहे. त्यावरचे तीन शिक्के वाचता येतात.